बक्षीस आणायला गेलेली नाव

मी एक जुनी नाव. खरं तर स्वतःला नाव म्हणवून घेतानाही आता संकोच वाटतो, कारण नाव पाण्यात असते आणि मी लुबिगान गावाच्या कचेरीसमोर सिमेंटच्या चबुतऱ्यावर उभी आहे. माझ्या दोन्ही बाजूंच्या बांबूच्या उलांड्या लोखंडी खांबांना बांधल्या आहेत. भोवती साखळी आहे. पायाशी पितळी पाटी आहे, आणि साऱ्या देशात नावाजलेल्या उपक्रमाची मी मानकरी आहे असं तिच्यावर कोरलं आहे. मित्रांनो, शाळेच्या सहलीत तुम्ही येता, ती पाटी मोठ्याने वाचता आणि टाळ्या वाजवता. त्या टाळ्या ऐकल्या की मला फळीफळीतून ओशाळल्यासारखं होतं.

पाटीवर खोटं काही नाही. पण निम्मंच लिहिलं आहे. उरलेलं निम्मं कोणी कोरत नाही, म्हणून मीच सांगते.

माझ्याही आधी इथे एक बाई होती आणि तिचं काम होतं, हे आधी लक्षात घ्या. फेलिसिदाद तिचं नाव. ती लुबिगानची सरकारी सुईण. सगळे तिला आदराने माम सिदांग, म्हणजे सिदांगबाई, म्हणत. लुबिगान गाव मोठ्या बेटावर, पण त्याच्या हद्दीत आजूबाजूची लहान लहान बेटंही येतात, आणि त्यांतलं सगळ्यांत लांबचं हालायो. या बेटांवर ना डॉक्टर, ना दवाखाना. सिदांग मिळेल त्या कोळ्याच्या होडीत बसून तिकडे जायची. मासळीच्या टोपल्या सारून जागा करायची आणि लशींची पेटी मासळीच्याच बर्फात ठेवायची. कोळी तिची चेष्टा करत.

“माम, आज टोचायचं कुणाला? पोरांना की बांगड्यांना?”

“आधी तुलाच टोचते,” ती म्हणायची. “म्हणजे तोंड जरा बंद राहील.”

पण कोळ्याला जिकडे मासळी तिकडे जावं लागतं, आणि बाईच्या कळा काही मासळी बघून येत नाहीत. कितीतरी वेळा सिदांग धक्क्यावर होडीची वाट बघत ताटकळायची, आणि पलीकडच्या बेटावर कुणीतरी तिची वाट बघत कण्हत असायची.

एके दिवशी ती अशीच एका उघड्या होडीतून परतली ती थेट नगरसभेची बैठक चालू होती तिथे शिरली. अंगावरचे कपडे चिंब. चकचकीत फरशीवर पाण्याचं तळं साचलं. सदस्य एकमेकांकडे बघून हसू लागले.

मेयर लुसेरियानो म्हणाले, “माम, आधी कपडे बदला. पडसं होईल.”

“बदलले तरी उद्या पुन्हा भिजणारच, मेयर,” सिदांग म्हणाली. “मला कपडे नकोत. नाव द्या. माझ्यासाठी नको. बायांसाठी.”

मेयर हसले नाहीत. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे त्यांच्याबद्दल जे सांगणार आहे त्यावरून तुम्ही त्यांना वाईट माणूस समजाल. ते वाईट नव्हते. त्या वर्षी त्यांच्या स्वतःच्या घरासमोरचा रस्ता पक्का व्हायचा होता. तो त्यांनी थांबवला आणि त्या खर्चातून मला बांधायचं ठरलं. पुढची कितीतरी वर्षं मेयर चिखलातून घरी जात. बायको ओरडायची, तर म्हणायचे, “चिखल धुता येतो.”

इथल्याच वाळूवर नोय उस्तिंग, म्हणजे उस्तिंगदादा, या म्हाताऱ्या सुताराने मला घडवलं. हाताखालच्या माणसांना तो सारखा दम भरायचा, “ही बायांची नाव आहे रे. फळीवरून हात फिरवा. कुसळ लागलं तर पुन्हा घासा.” माझ्या पोटात त्याने एक खाट बसवली, वर ताडपत्रीचं छत केलं, औषधांसाठी झाकणाचा कप्पा केला. मग मला पांढरा रंग दिला. मला नाव काही दिलं नाही. लोक आपले ‘पांढरी’ म्हणू लागले, आणि मला ते पुरत होतं.

सुकाणूवर आला नोय तोमोय. तो जन्माचा तांडेल. बोलायचा कमी, पण वारा बदलायच्या आधी त्याची मान वळलेली असायची. ठरलं ते असं. प्रत्येक बेटावर उंच बांबू रोवायचा. बाईला कळा सुरू झाल्या की त्यावर पांढरं कापड चढवायचं. धक्क्यावर नांग एबिंग, म्हणजे एबिंगताई, ही म्हातारी तांदळाचे पुतो विकायला बसायची. तिची पाठ गावाकडे आणि तोंड सदा समुद्राकडे. कापड दिसलं की ती पातेल्याचं झाकण बडवायची. झाकण वाजलं की तोमोय हातातला घास टाकून पळत सुटायचा, आणि मागोमाग सिदांग.

मित्रांनो, ते दिवस आठवले की माझं वाळकं लाकूडही ओलावतं. कुणी किनाऱ्यावर पोचायच्या आत माझ्याच खाटेवर बाळंत व्हायची. कुणी शिव्या देत यायची, नवऱ्याला, दर्याला आणि मला. एकीने तोमोयचा दंड असा चावला होता की व्रण कायमचा राहिला. तोमोय तो व्रण लोकांना कौतुकाने दाखवायचा. हालायोच्या किनाऱ्याला लागताना तोमोय दोर भिरकवायचा, आणि तो झेलायला बेटावरचे बाप्ये कमरेइतक्या पाण्यात धावत यायचे. “पांढरी आली! पांढरी आली!” दोर झेलण्यावरून त्यांची भांडणं व्हायची.

असं काम चाललं, आणि त्याचा बोलबाला झाला. राजधानीतली एक संस्था दर वर्षी देशभरातल्या गावांचे चांगले उपक्रम निवडून त्यांचा गौरव करायची. तिची दोन माणसं तपासणीला आली. बेटं फिरली, बायांशी बोलली. काही दिवसांनी बातमी आली की लुबिगानची पांढरी नाव निवडली गेली, आणि माम सिदांगला उत्तम लोकसेविका म्हणून पदक जाहीर झालं.

गाव वेडं झालं. चर्चची घंटा वाजली. समारंभ त्या वर्षी आमच्या प्रांताच्या मुख्य शहरात होता, आणि मेयरांच्या मनात आलं की नाव तिथल्या बंदरात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली पाहिजे.

“फोटो लावू की,” सिदांग म्हणाली.

“फोटो कुणीही लावतं. नाव दिसली पाहिजे, माम. लोकांना कळू दे लुबिगान काय चीज आहे.”

“बाया दिवस भरत आलेल्या आहेत, मेयर.”

“माझी मोटारबोट मागे ठेवतो. डॉक्टरही मागे राहतील. झालं? दोन दिवसांचा तर प्रश्न आहे.”

सिदांग तयार झाली. खरं सांगायचं तर तिलाही जायचं होतं. इतकी वर्षं ती टोपल्यांमध्ये बसून हिंडली होती. आपलं नाव कुणीतरी मोठ्याने पुकारावं असं तिला वाटलं, तर त्यात तिचं काय चुकलं? तिने निळा पोशाख शिवायला टाकला.

आणि मी? माझी तर तऱ्हाच निराळी. मला नवा रंग लागला. नाळेला, म्हणजे माझ्या पुढच्या टोकाला, रंगीत फिती बांधल्या. पाहुण्यांना बसायला म्हणून खाट काढून तिथे कचेरीतला सोफा ठेवला. तोमोय धुसफुसला, “बाळंतीण काय सोफ्यावर बसून येणार आहे?” दोन्ही कुशींवर हातभर उंचीच्या लाल अक्षरांत मेयरांचं नाव रंगवलं गेलं. मला त्यातलं काहीही खटकलं नाही. मी आपली ओहोटीच्या संथ पाण्यात स्वतःला निरखत राहिले. किती सुंदर दिसते आहे मी, एवढंच माझ्या मनात होतं.

निघण्याच्या आदल्या दिवशी सिदांग माझ्यातून हालायोला जाऊन आली. तिथे मर्लिंडा नावाची तरुण बाई होती. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर तिला पहिल्यांदा दिवस गेले होते. तिची झोपडी अगदी पाण्याकाठी, खांबांवर उभी. आतलं बोलणं मला स्पष्ट ऐकू यायचं.

“अजून अवकाश आहे,” सिदांग तिचं पोट चाचपून म्हणाली. “तरीपण, इंदाय, पोरी, तू म्हणशील तर मी जात नाही.”

“काहीतरीच काय, माम!” मर्लिंडा हसली. “जा ना. बक्षीस तुमचं एकटीचं आहे का? आम्हीच कापड चढवून चढवून हात दुखवून घेतले.”

तिचा नवरा दोदोंग दारात जाळं दुरुस्त करत बसला होता. त्याने विचारलं, “आणि मधेच कळा आल्या तर?”

“मेयरची मोटारबोट आहे. डॉक्टर आहेत. कापड चढव, ते येतील.”

“मग ठीक,” दोदोंग म्हणाला, आणि पुन्हा जाळ्यात बघू लागला.

दुसऱ्या दिवशी वाजतगाजत आम्ही निघालो. पण समारंभाला जायची हौस सगळ्या गावाला. सदस्य, त्यांच्या बायका, शाळेचे मुख्याध्यापक, भाजलेलं अख्खं डुक्कर, पान्सित शेवयांची भलीमोठी पातेली. एवढं सगळं माझ्यात मावणार कसं? कुणीतरी म्हणालं, मोटारबोट रिकामी तर आहे. कुणीतरी म्हणालं, डॉक्टरांना मंचावर बोलावलंय, ते नसले तर बरं दिसणार नाही. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. प्रत्येकाला वाटलं, ती काळजी दुसऱ्या कुणीतरी घेतली असेल.

आम्ही उघड्या समुद्रात पोचलो तेव्हा सिदांगने मागे वळून पाहिलं. मोटारबोट आमच्या मागून येत होती. तिच्यात डॉक्टर पांढऱ्या सदऱ्यात बसले होते.

सिदांग उभी राहिली. “तोमोय, ही बोट इथे काय करतेय?”

तोमोयने पाहिलं. त्याने सुकाणूवरचा हात घट्ट केला. “वळवू का, माम?”

एवढाच प्रश्न त्याने विचारला. सिदांगने मागच्या बोटीकडे पाहिलं, लुबिगानच्या निळ्या डोंगराकडे पाहिलं, आणि मग मांडीवरच्या निळ्या पोशाखाची घडी सारखी केली.

“जाऊ दे,” ती म्हणाली. “दोनच दिवसांचा प्रश्न आहे.”

मित्रांनो, नावेला स्वतःहून वळता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. पण वळावंसं वाटू शकतं की नाही? तसं वाटलंदेखील नाही मला. माझ्या नाळेवरच्या फिती वाऱ्यावर फडफडत होत्या आणि मला बंदर बघायचं होतं.

समारंभ फार थाटाचा झाला. मी बंदरात दिव्यांच्या माळांमध्ये उभी होते. लोक माझ्यात चढत होते, सोफ्यावर बसून फोटो काढून घेत होते. मांडवातली भाषणं मला कर्ण्यावरून ऐकू येत होती. रात्री-अपरात्री हाकेला धावून जाणारी सेवा, असं कुणीतरी म्हणालं. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या वेळी लुबिगानचा सगळा दवाखाना, डॉक्टर, नर्स आणि सुईण, त्या मंचावर ओळीने उभा होता.

आणि त्याच वेळी हालायोच्या बांबूवर पांढरं कापड चढलेलं होतं.

पुढचं मी पाहिलं नाही. मला ते नांग एबिंगने आणि नंतर तोमोयने सांगितलं. म्हातारीने कापड पाहिलं आणि झाकण बडवायला घेतलं. तिने बडवबडव बडवलं. ते ऐकून धावणारं कुणी उरलंच नव्हतं. हालायोवर दोदोंगने वाट पाहिली, मग आणखी वाट पाहिली. शेवटी त्याने मर्लिंडाला आपल्या मासेमारीच्या चिंचोळ्या होडीत निजवलं, सोबत तिच्या म्हाताऱ्या आत्याला घेतलं आणि वल्ही मारायला सुरुवात केली. आमिहानचे, म्हणजे ईशान्य वाऱ्याचे दिवस. वारा समोरून. ज्या पाण्यावरून मी सहज गेले असते, त्या पाण्याने त्याला परत परत मागे लोटलं. बाळ वाटेतच झालं. ते रडलं नाही.

ते लुबिगानला पोचले तेव्हा प्रसूतिगृहाला कुलूप होतं. दारावर आमच्या स्वागताचं रंगीत कागदी तोरण होतं. नांग एबिंगने आणि बाजारातल्या बायांनी मर्लिंडाला उचलून घरात नेलं आणि कसंबसं तिला वाचवलं. उजाडल्यावर दोदोंग तिला आणि त्या लहानशा गाठोड्याला घेऊन हालायोला परत गेला.

आम्ही परत आलो तेव्हा धक्क्यावर बँड वाजू लागला. मिरवणूक निघायची होती. सिदांग गळ्यात पदक घालून उतरू लागली, तोच नांग एबिंग आडवी आली. तिने बँडच्या आवाजातून ओरडून सांगितलं, “माम, हालायोचं कापड चढलं होतं!”

“कधी?”

म्हातारीने तिच्या गळ्यातल्या पदकाकडे बोट केलं. सिदांगचा एक पाय धक्क्यावर होता, एक माझ्यात. तिने धक्क्यावरचा पाय मागे घेतला.

“तोमोय, चल.”

“अहो माम, मिरवणूक!” मेयर पुढे आले. “सगळं गाव थांबलंय!”

सिदांगने ऐकलं की नाही कोण जाणे. तोमोयने दोर सोडला होता.

हालायोचा किनारा आला. तोमोयने नेहमीसारखा दोर भिरकावला. बेटावरची माणसं वाळूत उभी होती, सगळी होती. कुणीही पुढे आलं नाही. दोर पाण्यात पडला आणि तरंगत राहिला.

त्या एका क्षणी मला माझं सगळं दिसलं. तो लखलखीत रंग, त्या फिती, तो सोफा, ती लाल अक्षरं. बुडता आलं असतं तर मी तिथेच बुडले असते.

सिदांगने पाण्यात उडी घेतली. निळ्या पोशाखासकट छातीपर्यंत भिजत ती चालत गेली आणि मर्लिंडाच्या झोपडीची शिडी चढली. आतून मर्लिंडाचा बारीक आवाज आला.

“नवा शिवला ना, माम? रंग छान आहे.”

त्यात टोमणा नव्हता. ती खरोखरच म्हणत होती. टोमणा असता तर सोसला असता.

“मर्लिंडा,” सिदांग म्हणाली, “मला वाटेतच कळलं होतं की मागे कुणी नाही. वळता आलं असतं. मी वळले नाही.”

“मीच तुम्हाला जा म्हटलं होतं, माम.”

“जा म्हणालीस, इंदाय. सगळं वाऱ्यावर सोडून जा, असं नव्हतीस म्हणाली.”

मग दोघींचंही रडणं ऐकू आलं. दोदोंग शिडीखाली बसला होता. त्याने सिदांगला काही दूषण दिलं नाही. पण ती खाली आली तेव्हा तो उठून दुसरीकडे गेला.

काही दिवसांनी मेयर हालायोला आले. या खेपेला सोबत फोटोवाला नव्हता. एका माणसाच्या खांद्यावर तांदळाचं पोतं होतं. मी किनाऱ्याला लागलेली होते. मेयरांनी पोतं दोदोंगसमोर ठेवायला लावलं.

दोदोंग म्हणाला, “तांदूळ आहे घरात.”

“राहू दे, लागेल.”

“मेयर,” दोदोंगने माझ्याकडे बोट केलं, “तुम्हाला नाव हवं होतं. आम्हाला नाव हवी होती.”

मेयरांनी माझ्या कुशीवरची स्वतःची लाल अक्षरं पाहिली. जणू पहिल्यांदाच वाचत होते. मग ते वाळूवरच बसले, बूट हातात घेऊन.

“मी आता काय करू ते तरी सांग, दोदोंग.”

“मला काय विचारता? बक्षीस तुम्हाला मिळालंय.”

त्याच संध्याकाळी लुबिगानच्या वाळूवर मेयर तोमोयच्या हातातलं पातं घेऊन माझ्यावरचं नाव खरवडायला लागले. त्यांना ते जमेना. “मेयर, रंग काढा, फळी नका सोलू,” तोमोय म्हणाला. तरी त्यांनी पातं सोडलं नाही. त्या खरवडण्याने मला दुखलं नाही. उलट वाटलं, अजून जोराने खरवडा.

सोफा गेला, खाट परत आली. पेशंट नसेल तर नाव जागची हलणार नाही, असा नियम झाला. पण नियम करून भागतं थोडंच! पांढरं कापड हालायोवर चढेचना. बाया तिथे बाळंत होत होत्या, आजारी पडत होत्या, पण आम्हाला बोलावत नव्हत्या. ज्यांनी एकदा कापड चढवून रिकामा समुद्र पाहिला, त्यांनी पुन्हा का चढवावं?

तेव्हा सिदांगने एक गोष्ट केली. तिने गावातलं प्रसूतिगृह एका तरुण सुईणीच्या हवाली केलं आणि मेयरांना सांगितलं, “माझी नेमणूक हालायोवर करा.”

“तिथे ना घर, ना दवाखाना. किती दिवस राहाल?”

“बोलावतील तोवर.”

तिची पेटी आणि पथारी मीच तिकडे पोचवली. पहिले कितीतरी दिवस तिच्याकडे कुणी फिरकलं नाही. रस्त्यात भेटले तर मान हलवायचे, एवढंच. सिदांग रोज अंगण झाडायची, म्हाताऱ्यांसोबत कसावा सोलायची, जाळी विणायला बसायची आणि ती चुकीची विणायची. बाया ती मुकाट्याने उसवून पुन्हा विणायच्या. मग एका म्हातारीच्या पायाला गळू झालं आणि ती कुरकुरत येऊन बसली. “औषध दे. बोलू नकोस,” म्हणाली. सिदांग बोलली नाही, औषध दिलं. नंतर कुणाचं पोर तापलं. मग एक दिवस मर्लिंडा आली. तिने शेजारणीचा हात धरला होता.

“माम, हिला कळा येतायत,” ती म्हणाली. “दोदोंग कापड चढवतोय. मी सोबत बसते.”

मित्रांनो, माझ्या समजुतीप्रमाणे सिदांगने आयुष्यात केलेलं सगळ्यांत मोठं काम ते. त्या कामाला कुणी पदक दिलं नाही, ते तपासायला राजधानीतून कुणी आलं नाही. एक बाई दुसऱ्या बाईच्या दाराशी महिनोन्‌महिने गप्प बसली आहे, याचा फोटो कसा निघणार?

मी पुढे पुष्कळ वर्षं काम केलं. मेयर लुसेरियानो निवडणूक हरले. त्यांच्यानंतरच्या मेयरांनी माझ्यावर आपलं नाव रंगवलं, त्यांच्यानंतरच्यांनी ते पुसून आपलं. मी जाड होत गेले ती रंगानेच. मग गावाने जास्त ताकदीच्या इंजिनाची नवी होडी घेतली, आणि माझं काय करायचं असा प्रश्न निघाला.

तोमोय तेव्हा थकला होता, पण काठी टेकत कचेरीत गेला. म्हणाला, “हिच्या फळ्या अजून धड आहेत. खाडीपलीकडच्या पोरांना शाळेत ने-आण करायला द्या.”

“पुरस्कार मिळालेली नाव आहे ती, नोय,” तिथला साहेब म्हणाला. “पोरं घाण करतील.”

म्हणून मी इथे आले. तोमोय त्या पावसाळ्यानंतर राहिला नाही. सिदांग निवृत्त झाली तरी हालायोवरच राहते. क्वचित कामासाठी गावात येते. परवा ती उन्हातून चालत आली आणि माझ्या सावलीत जरा विसावली. कचेरीचा नवा शिपाई धावत आला.

“आजी, साखळीला टेकू नका. ही बक्षिसाची नाव आहे.”

“हो का?” ती म्हणाली. “बरं बाबा.” आणि पिशवी उचलून चालू लागली. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलंही नाही. तिचं बरोबर होतं. आम्हा दोघींनाही एकमेकींच्या डोळ्याला डोळा भिडवणं जड जातं.

मित्रांनो, चांगल्या कामाचं कौतुक करू नका असं मी म्हणत नाही. जरूर करा. सिदांगसारख्या माणसांना कुणी दोन बरे शब्द बोलत नाही, तेही वाईटच. पण कौतुक करायचं तर काम चालतं तिथे जा आणि हळू आवाजात करा. काम उचलून आपल्या मांडवात आणू नका. हार घालण्यापूर्वी एवढं बघा, की आपण ज्याला इथे उभं केलं आहे त्याची तिकडे कुणी वाट तर बघत नाही ना.

आत्ता तुम्ही माझ्यासमोर रांगेत उभे आहात. तुमच्या बाई फोटो काढताहेत. तुमच्या पाठीमागे, रस्त्यापलीकडे, धक्का आहे. तिथून एक निळी, ठिकठिकाणी पोचे आलेली होडी निघते आहे. तिच्यात एक तरुण सुईण मांडीवर पेटी धरून बसली आहे, आणि तिच्या होडीवर कुणाचंही नाव नाही. तिला पोचायची घाई आहे.

माझ्याकडे पाठ फिरवा, मुलांनो. मला राग येणार नाही. तिच्याकडे बघा. वाटलं तर हात हलवा. पण तिला थांबवू नका.